राबत्यातले अवशेष : स्पेनमधील मेरिदा

स्पेनच्या सहलींचे आखीव मार्ग माद्रिद, बार्सिलोना, सेव्हिल आणि ग्रानादा या चार शहरांभोवती फिरतात. पोर्तुगालच्या सीमेला लागून असलेला एक्स्त्रेमादुरा हा प्रदेश त्या मार्गांवर सहसा येत नाही, आणि म्हणून त्याची राजधानी मेरिदाही सुटून जाते. साठेक हजार वस्तीचे हे शहर. भोवती ओकची विरळ राने, त्यात चरणारे डुकरांचे कळप आणि अंग भाजून काढणारा उन्हाळा. पण रोमन शहराचे इतके अवयव एकाच गावात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, स्पेनमध्ये दुसरीकडे क्वचितच सापडतील : नाट्यगृह, अँफिथिएटर, रथशर्यतींचे मैदान, दोन पूल, देऊळ, जलसेतू, घरे, थडगी आणि गावाबाहेर दोन धरणे. युनेस्कोने १९९३ साली या सगळ्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. मात्र तिथे जावे ते या यादीसाठी नव्हे. दगडी बांधकाम दोन हजार वर्षे नेमके कशामुळे टिकते, हा प्रश्न मेरिदात पुराव्यानिशी तपासता येतो. कुंपण घातले, फलक लावला, माणसांना दूर ठेवले की वास्तू वाचते, असे आपण धरून चालतो. मेरिदाचा पुरावा बहुतांशी उलट सांगतो. जे कामात राहिले ते उभे राहिले. ज्याचे काम संपले ते एकतर मातीखाली गेले, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या भिंतीत जिरले.

इतिहास थोडक्यात असा. उत्तर स्पेनमधल्या कांताब्रियन युद्धांतून निवृत्त झालेल्या सैनिकांना वसवण्यासाठी सम्राट ऑगस्टसने इ.स.पूर्व २५ मध्ये हे शहर स्थापन केले. पाचव्या आणि दहाव्या लिजनचे हे सैनिक. नाव ठेवले एमेरिता ऑगुस्टा. पुढे ते लुसितानिया प्रांताची राजधानी झाले. गोव्याच्या वाचकाला हे नाव अगदीच परके वाटणार नाही. वास्को द गामाच्या सफरीवर कामोंइशने रचलेले, १५७२ साली छापले गेलेले पोर्तुगीज महाकाव्य ‘उश लुझियादश’ या लुसितानियाचेच नाव मिरवते, आणि तो कवी काही वर्षे गोव्यात राहिला होता. पोर्तुगालने अभिमानाने सांगितलेल्या त्या प्राचीन प्रांताची राजधानी आज स्पेनमध्ये आहे, ही इतिहासाची एक गंमतच. रोमन सत्ता गेल्यावर व्हिसिगॉथ राजांच्या काळातही शहराचा दिमाख टिकला. ७१३ साली ते अरबांकडे गेले. नवव्या शतकात इथल्या लोकांनी कोर्दोबाच्या अमिरांविरुद्ध पुन्हा पुन्हा बंडे केली. अखेर अमिराने शहराची तटबंदी पाडली, बंडखोरांचा म्होरक्या इब्न मरवान याने पश्चिमेला बदाहोस वसवले आणि मेरिदाचे महत्त्व तिकडे गेले. १२३० मध्ये ख्रिस्ती राज्यात सामील झाल्यावरही ते परत आले नाही. १९८३ मध्ये एक्स्त्रेमादुरा स्वायत्त झाला आणि मेरिदा पुन्हा राजधानी बनली. मधली हजार वर्षे ते एक लहान, गरीब गाव होते.

ग्वादियाना नदीवरचा पूल आधी पाहावा, कारण शहर त्याच्यामुळे इथे आहे. नदी इथे पसरट आहे आणि पात्राच्या मधोमध बेट आहे. पाया घालायला सोपी जागा पाहून रोमनांनी पूल बांधला आणि पुलाच्या टोकाला शहर आखले. सुमारे ७९० मीटर लांबीचा, साठ कमानींचा हा ग्रॅनाइटचा पूल आहे. खांबांच्या पोटात पुराचे पाणी आरपार जावे म्हणून छोट्या कमानी सोडल्या आहेत. त्याची खरी गोष्ट सुरू होते ती बांधून झाल्यावर. ४८३ साली, राजा युरिकच्या काळात, मेरिदाचा बिशप झेनो याच्या पुढाकाराने पुलाची मोठी दुरुस्ती झाली. तिचा शिलालेख आज नाही, पण त्यातला मजकूर हस्तलिखितातल्या नकलेमुळे उरला. १६०३ च्या पुराने मधला भाग नेला, तो तिसऱ्या फिलिपच्या राजवटीत १६१० मध्ये नव्याने उभा राहिला. नेपोलियनच्या फौजांशी झालेल्या युद्धात काही कमानी पुन्हा गेल्या, पुन्हा भरल्या. आणि या पुलावरून मोटारी, ट्रक धावायचे थांबले ते थेट १९९१ साली, सान्तियागो कालात्रावा या वास्तुकाराने आखलेला नवा पूल शेजारी झाल्यावर. आता जुन्या पुलावर फक्त चालणाऱ्यांची वर्दळ असते.

यावर पहिली शंका अशी येईल की इतक्यांदा दुरुस्त झालेला पूल रोमन कसा म्हणायचा? शंका रास्त आहे. मधल्या कमानी सतराव्या शतकातल्या आहेत हे लपवण्याचे कारण नाही, आणि बारकाईने पाहिले तर दगडाची घडण बदललेली नजरेला कळतेही. पण दुरुस्तीचा अर्थ काय होतो ते पाहा. राजवट बदलली, धर्म बदलला, भाषा बदलली, तरी प्रत्येकाला नदी ओलांडायची होती. म्हणून प्रत्येकाने पैसे घातले. दुरुस्तीला कुणी नसते, तर प्रत्येक पुराने एकेक कमान नेली असती आणि आज नदीत चार खांब उभे दिसले असते. ते चार खांब शुद्ध रोमन ठरले असते हे मान्य. तेवढ्यासाठी कुणाला ते हवे असतील, असे मला वाटत नाही.

दुसरी शंका अधिक जड आहे, आणि तिचा पुरावा पुलाच्या टोकालाच उभा आहे. अमीर दुसरा अब्द अर्-रहमान याने ८३५ साली बंडखोर शहरावर आणि पुलावर वचक ठेवण्यासाठी तिथे आल्काझाबा हा किल्ला बांधला. दगड कुठून आणला? शहरातूनच. भिंतींत रोमन ग्रॅनाइटचे चिरे आहेत. आत नदीचे पाझरणारे पाणी साठवण्याची खोल टाकी आहे, तिच्याकडे उतरणाऱ्या जिन्याच्या दाराला व्हिसिगॉथ काळातले कोरीव खांब चौकटीसारखे लावले आहेत. म्हणजे वापरानेच जुन्या इमारती खाल्ल्या. हे खरे आहे, आणि मी मांडत असलेल्या म्हणण्याला इथे मुरड घालावी लागते. वापराच्या दोन जाती आहेत. एकात वास्तू तिच्या आकारासकट कामाला लागते, दुसऱ्यात तिचा फक्त माल कामाला येतो. पूल पहिल्या जातीतला, किल्ल्याचे चिरे दुसऱ्या. पहिला वापर वास्तू राखतो, दुसरा संपवतो. मात्र किल्ला आज स्वतःच एक पाहण्याजोगा ऐतिहासिक ठेवा आहे, स्पेनमधल्या सर्वांत जुन्या मुस्लिम किल्ल्यांपैकी एक. त्यामुळे दुसऱ्या जातीचा हिशेबही निव्वळ तोट्याचा नाही.

गावाच्या मध्यावर, कपड्यांच्या दुकानांमधून वळले की ज्याला डायनाचे देऊळ म्हणतात ते समोर येते. डायनाशी त्याचा संबंध नाही. सम्राटपूजेचे हे देऊळ होते, आणि जुन्या इतिहासकारांनी दिलेले चुकीचे नाव चिकटून राहिले. त्याचे उंच खांब जागेवर आहेत, कारण सोळाव्या शतकात एका सरदाराने, कोर्बोसच्या काउंटने, खांबांच्या आत आपला वाडा बांधला. खांब वाड्याच्या भिंतींना आधार देत होते आणि वाडा खांबांना. विसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञांनी देऊळ मोकळे करायला वाड्याचा बराच भाग पाडला, सुदैवाने सगळा पाडला नाही. मागच्या बाजूला वाड्याची खिडक्यांची भिंत आजही रोमन खांबांतून डोकावते. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ती खुपते. वास्तविक ती नसेल तर देऊळ का वाचले हे पाहणाऱ्याला कळणारच नाही. असेच उदाहरण सांता इउलालियाच्या चर्चसमोर आहे. इउलालिया ही इथली मुलगी चौथ्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्मासाठी मारली गेली असे परंपरा सांगते. तिच्या नावाची जी छोटी घुमटी १६१२ मध्ये उभारली, तिचा दर्शनी भाग मार्स या युद्धदेवाच्या देवळाच्या कोरीव दगडांचा आहे. देवाचे नाव लेखात तसेच राहिले. कुणाला खोडावेसे वाटले नाही.

पाण्याच्या बाबतीत पुरावा गुंतागुंतीचा होतो. गावाच्या उत्तरेला लोस मिलाग्रोस हा जलसेतू आहे : ग्रॅनाइट आणि तांबड्या विटांचे आळीपाळीने थर दिलेले खांब, सुमारे पंचवीस मीटर उंच, माथ्यावर करकोच्यांची घरटी. छायाचित्रांत मेरिदा म्हणून बहुधा हाच येतो. याचे काम तर शतकांपूर्वी संपले, मग हा कसा उरला? उत्तर असे की तो अर्धाच उरला आहे. कमानी ठिकठिकाणी गळल्या आणि पाणी वाहणारी वरची पन्हळ बहुतेक गेली. गावाच्या दुसऱ्या बाजूच्या सान लाझारो जलसेतूचे तर तीनच रोमन खांब शिल्लक आहेत, कारण सोळाव्या शतकात गावाला पुन्हा पाणी हवे झाले तेव्हा त्याच्याच दगडांतून शेजारी नवा जलसेतू बांधला. काम पुढे चालू राहिले, वास्तू मागे पडली. याउलट मिलाग्रोसला जिथून पाणी यायचे ते प्रोसेर्पिना धरण, गावापासून पाच-सहा किलोमीटरवर, आजही पाणी अडवते. सव्वाचारशे मीटरच्या आसपास लांबीची ही भिंत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गाळ उपसला तेव्हा तिचा आजवर न दिसलेला खालचा भाग उघडा पडला. धरण नेमके कधीचे यावर अभ्यासकांत वाद आहे, काही जण ते रोमनोत्तर मानतात. ते काहीही असो, भिंत टिकली ती शेतीला आणि गिरण्यांना पाणी लागत होते म्हणून. आता उन्हाळ्यात गाव तिथे पोहायला लोटते. धरणाला प्रोसेर्पिना हे नाव मिळाले ते तिथे सापडलेल्या एका लेखावरून. आतेसिना-प्रोसेर्पिना या देवीला कुणीतरी त्यात साकडे घातले आहे की माझे अंगरखे आणि कपडे चोरीला गेले, चोराला तू पाहून घे. रोमन साम्राज्याच्या सगळ्या संगमरवरी थाटात हा एक कपड्यांचा हिशेब मला फार बोलका वाटतो.

आता सगळ्यात मोठी अडचण, म्हणजे मेरिदाचे नाट्यगृह. इथे येणारा प्रत्येक जण पाहतो ते हेच, आणि ते वरच्या सिद्धान्ताला थेट आव्हान देते. ऑगस्टसचा जावई मार्कुस अग्रिप्पा याच्या नावाने इ.स.पूर्व १६-१५ मध्ये ते बांधले गेले. बाजूच्या प्रवेशमार्गांवर त्याच्या नावाची अक्षरे अजून वाचता येतात. सुमारे सहा हजार प्रेक्षकांची सोय होती. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर त्याचा वापर सुटला, वर माती चढली, शेती झाली. जमिनीवर उरले ते वरच्या बैठकीचे सात तुकडे, ज्यांना गावकरी ‘सात खुर्च्या’ म्हणत. सात मूर राजे तिथे बसून शहराचा निकाल लावत, अशी दंतकथा होती. १९१० मध्ये होसे रामोन मेलिदा आणि माक्सिमिलियानो मासियास यांनी खणायला सुरुवात केली, तेव्हा मातीखालून रंगमंचासमोरची अर्धवर्तुळाकार जागा, बैठका, पडलेले निळसर संगमरवरी खांब आणि देवतांचे पुतळे वर आले. म्हणजे हे वाचले ते विस्मरणामुळे. वापराचा काही वाटा नाही!

आक्षेप अर्धा खरा आहे. मातीने दगड वाचवले, पण नाट्यगृह वाचवले नाही. खांब आडवे पडले होते, रंगमंचामागची दुमजली भिंत कोसळली होती आणि जे मातीच्या वर राहिले त्याची पडझड होऊन सात तुकडे झाले होते. जमिनीच्या पातळीपर्यंतच विस्मरणाचे संरक्षण चालते. आज दिसणारी ती भव्य भिंत विसाव्या शतकात, मुख्यतः १९६० आणि ७० च्या दशकांत, मूळ खांब परत उभे करून आणि गाळलेल्या जागा नव्या मालाने भरून रचली आहे. म्हणून काही जाणकार तिला नाटकाचा पडदा म्हणून हसतात. पण एवढा खर्च आणि खटाटोप का झाला? कारण तिथे नाटके सुरू झाली होती. १९३३ च्या जूनमध्ये सेनेकाचे ‘मेदेआ’ मिगेल दे उनामुनोच्या अनुवादात तिथे रंगले, मुख्य भूमिकेत मार्गारिता शिरगू. राजकीय उलथापालथीने आणि यादवी युद्धाने हा उपक्रम खंडित झाला, १९५३ पासून पुन्हा सुरू झाला, आणि आज उन्हाळ्यातला मेरिदाचा अभिजात नाट्यमहोत्सव हा स्पेनमधल्या मोठ्या नाट्यमहोत्सवांपैकी एक आहे. दिव्यांचे मनोरे, केबलींची जाळी, हजारो पावले यांनी दगड झिजतो हे खोटे नाही. उत्तर पुलाने देऊन ठेवले आहे. ओझे वाढले तेव्हा तिथे ओझे हलवले, चालणे बंद केले नाही. शिवाय ही भिंत रोमन काळातही एकदाच बांधून संपलेली नव्हती. चौथ्या शतकात, ३३३ ते ३३५ च्या दरम्यान, तिची डागडुजी झाल्याचा शिलालेख आहे. आपल्याला खुपणारी दुरुस्ती ही त्या वास्तूची जुनीच सवय आहे.

‘मेरिदा वाचली ती गरिबीमुळे, पैसा असता तर नवे बांधायला सगळे पाडले असते’ असेही म्हटले जाते. गरिबीने जागा मोकळ्या ठेवल्या हे मान्य. पण नाट्यगृहाला लागून असलेले अँफिथिएटर पाहा. इ.स.पूर्व ८ मधले, पंधरा हजार माणसांचे. त्याच्या वरच्या बैठका गेल्या, कारण गरीब गावाला आयता दगड हवाच असतो. शहराबाहेरचे रथशर्यतींचे चारशे मीटरहून लांब मैदान शेतजमीन झाले, म्हणून त्याचा आकार आणि मधला दुभाजक स्पष्ट दिसतो, मात्र तीस हजार लोकांच्या बैठकांचा फक्त उंचवटा राहिला. उपेक्षेने आराखडा राखला, उंची राखली नाही.

संग्रहालयाकडे वळताना शेवटचा गंभीर आक्षेप समोर येतो. संग्रहालय म्हणजे तर वस्तूंना कामातून निवृत्त करणारी जागा. राफाएल मोनेओने बांधलेले आणि १९८६ मध्ये उघडलेले रोमन कलेचे राष्ट्रीय संग्रहालय या आक्षेपाला इमारतीनेच उत्तर देते. काँक्रीटच्या गाभ्याला सपाट, लांब विटांचे आवरण, विटांमध्ये चुना जवळजवळ दिसत नाही. एकामागून एक उंच कमानी. रोमन बांधणीची ही पद्धत आहे, पण नक्षी, खांबांची शीर्षे, खोटे जुनेपण काही नाही. वरून येणारा उजेड दिवसभर विटांवरून सरकतो. तळघरात जागेवरच सापडलेली घरे, थडगी, रस्ता आणि पाण्याचा पाट ठेवला आहे आणि मोनेओच्या भिंती त्या अवशेषांच्या दिशेला न जुमानता तिरक्या त्यांच्यामधून जातात. त्यावर टीका झाली. मला ती टीका पटत नाही, कारण हे शहर नेहमी असेच एकावर एक बांधले गेले, आणि मोनेओने ते लपवले नाही.

आतली वस्तूंची निवडही तशीच. डोक्यावर पदर घेतलेला ऑगस्टस आहे, नाट्यगृहातली सेरेस देवी आहे, भिंतीभर उंच टांगलेल्या मोझेइकमध्ये मार्सियानुस हा रथी घोड्यांसकट उभा आहे. पण वेळ द्यावा तो लहान थडग्यांच्या दगडांना. सेंतिया आमारांतिस हिच्या दगडावर ती पिंपाला तोटी लावून वाइन काढते आहे. ती पंचेचाळीस वर्षांची होऊन वारली, नवऱ्याने सतरा वर्षांच्या संसारानंतर हा दगड उभारला. लुतातिया लुपाता ही सोळा वर्षांची मुलगी तंतुवाद्य वाजवते आहे. रोममधल्या मोठ्या संग्रहालयांत सम्राटांच्या गर्दीत अशी माणसे मागे पडतात. ‘रोम आणि पाँपेई पाहिले की प्रांतातले शहर कशाला?’ या प्रश्नाला याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही. पाँपेई एका दिवशी थांबले. मेरिदा थांबलीच नाही.

तिचे आजचे चालू असणे मोरेरिया भागात दिसते. एक्स्त्रेमादुरा सरकारच्या कार्यालयांसाठी खणताना तटबंदी, रस्ते, रोमन घरे आणि त्यावरचे व्हिसिगॉथ व अरब थर निघाले. इमारत मग खांबांवर उचलून बांधली. खाली अवशेष, वर सरकारी कचेऱ्या. दिसायला ती सुंदर नाही, पण शहर आणि अवशेष यांत एकाची निवड न करता दोन्ही ठेवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे. उत्खनन, जतन आणि तिकिटे यांचे काम १९९६ पासून एकाच संस्थेकडे, कोन्सोर्सियोकडे आहे.

जायचे असेल तर सेव्हिलहून रस्त्याने साधारण दोन तास लागतात, माद्रिदहून साडेतीन ते चार. लिस्बनहूनही येता येते. रेल्वे आहे, पण माद्रिद-सेव्हिलच्या वेगवान गाडीची अपेक्षा ठेवू नये. एप्रिल, मे किंवा ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान चाळिशी ओलांडते, तेव्हा केवळ रात्रीच्या नाटकासाठी यावे आणि दुपार घरात काढावी. बरेच पर्यटक सेव्हिलहून येऊन संध्याकाळी परततात. ते टाळा, निदान एक रात्र राहा आणि पूल संध्याकाळी, गाव फिरायला बाहेर पडते तेव्हा ओलांडा. नाट्यगृह, अँफिथिएटर, आल्काझाबा, रथमैदान आणि मिथ्राच्या घरातले विश्वरचनेचे मोझेइक यांचे एकत्रित तिकीट मिळते. राष्ट्रीय संग्रहालयाचे तिकीट वेगळे, आणि ते सोमवारी बंद असते.